मायच्या खुब्याची वाटी फुटलीय. तीन डॉक्टर, तीन मतं. कुणाला अनुभव आहे का?

डबलबेल_निलंगा
(रात्री ११:४०)

नमस्कार मंडळी. मी एसटीत वाहक आहे, निलंगा तालुक्यातला. वेबिलाच्या पलीकडं लिहायची सवय नाही, सांभाळून घ्या.

माय ७६ वर्षांची. बीपीची एक गोळी, साखरेची एक, बाकी खडखडीत. येळवशीच्या, म्हणजे वेळा अमावास्येच्या दिवशी रानात कोपीतली पूजा झाली, भज्जी-उंडे झाले, आणि ही आंबिलीचं बिंदगं घेऊन बांधावरून निघाली. मी म्हणलं दे माझ्याकडं, तर म्हणे तू बस, तुझ्यानं सांडंल. चार पावलं गेली आणि ढेकळावरून पाय सरकला. डाव्या कुशीवर आडवी पडली. उंचावरून नाही, गाडीवरून नाही, उभ्या उभ्या. पळत गेलो तर पहिलं काय विचारलं असंल? "आंबील सांडली का रे?"

तालुक्याला एका दवाखान्यात फोटो काढला. मांडीचं हाड शाबूत आहे, मुका मार आहे, आठ दिवसांत चालतील असं सांगून गोळ्या आणि मलम दिलं. घरी आणली. चार रात्री काढल्या. दुखणं कमरेत नाही, जांघेत. पाय सरळ ठेवून उचल म्हणलं तर टाच अंथरुणाला चिकटल्यासारखी. कुस बदलायची म्हणलं की ओरडायली, आणि माझी माय ओरडणाऱ्यातली नाही. पाचव्या दिवशी लातूरला नेलं, सीटी स्कॅन केला. रिपोर्टात लिहिलंय: ॲसिटॅब्युलम फ्रॅक्चर, अँटेरियर कॉलम, क्वाड्रिलॅटरल प्लेट, फिमोरल हेड आतल्या बाजूला सरकलंय. म्हणजे खुब्याची वाटीच फुटलीय असं त्यांनी समजावलं.

आता पुढचं ऐका. लातूरचे एक डॉक्टर म्हणतात प्लेटा टाकून वाटी जुळवू. दुसरे म्हणतात या वयात कापाकापी नको, पायाला वजन बांधून दीड महिना झोपवून ठेवा. सोलापूरच्या तिसऱ्यांना सीडी दाखवली, ते म्हणतात नुसत्या प्लेटा टिकायच्या नाहीत, वाटीला आधार देऊन खुबाच नवा बसवू, एकाच वेळी. धाकला भाऊ फोनवर म्हणायलाय पुण्याला आणा. पुणे इथून साडेतीनशे किलोमीटरच्या वर आहे. त्या रस्त्यावरचा एकेक खड्डा मी पाठीच्या मणक्यानं मोजलेला आहे, तिला त्यावरून न्यायला माझं मन होईना.

माय म्हणती मला कापू नको, तुळजापूरला नवस बोल.

आज आठवा दिवस आहे. कुणाच्या घरी असं झालंय का? वय झालेल्या माणसाचं हे हाड बसतं का? आणि एक लाज सोडून विचारतो, संडासचं काय करता? डायपर ती लावू देईना. भांडं दिलं की दोन-दोन दिवस दाबून धरती.

———

अंबाजोगाईची_लेक
(सकाळी ६:१५)

दादा, माझ्या वडिलांचं अगदी हेच झालं होतं, दोन वर्षांखाली. वय ७८. पहाटे न्हाणीत घसरले. त्यांचंही पहिल्या फोटोत दिसलं नव्हतं.

आमच्याकडे ऑपरेशन केलं नाही. त्यांच्या वाटीला भेग होती पण गोळा जागेवर होता, आणि त्यांचं हृदय फार अशक्त, त्यामुळं भूल देणाऱ्या डॉक्टरांनीच हात जोडले. पण झोपवून ठेवलं नाही बरं का. तिसऱ्या दिवशी खुर्चीत बसवलं. दुखायचं, शिव्या द्यायचे, तरी बसवलं. मग वॉकर, डावा पाय नुसता टेकवायचा. आठ आठवडे तसं. आज काठी घेऊन मारुतीच्या पारापर्यंत जातात. पाय थोडा आखूड झालाय, चपलेला आतून पॅड लावलंय. पळायचंय कुठं त्यांना.

संडासचं सांगते, कारण तेच कुणी सांगत नाही. मेडिकल दुकानात कमोडची खुर्ची मिळते, खाली भांडं असतं. भाड्यानंही मिळते. ती बाजेच्या अगदी शेजारी लावा, आणि मधे पडदा बांधा. पडदा महत्त्वाचा. माझे वडील पडदा बांधल्यावर पहिल्यांदा मोकळे झाले, तोवर आम्ही एनिमाच्या गोष्टी करत होतो. आणि बाजेवर झोपवू नका, बाज मधे खचते. पलंग हवा, तोही उंच, खुर्चीच्या उंचीचा. आम्ही पायांखाली विटा दिल्या होत्या. हवेची गादी घेतली तर तिला मोटर असते, लाइट गेली की गादी हळूहळू बसते. तुमच्याकडं भारनियमन असेल तर इन्व्हर्टरवर जोडून घ्या.

उठता-बसता खाली उकिडवं बसणं बंद. चुलीपुढं तर नाहीच.

———

अस्थी_संभाजीनगर
(सकाळी ८:५०)

मी अस्थिरोगतज्ज्ञ आहे, सरकारी दवाखान्यात पंधरा वर्षं काढली. सीटी न बघता ऑपरेशन करा किंवा करू नका हे मी इथं सांगणार नाही, सांगू नये. पण तिघांची मतं वेगळी का, ते समजलं तर तुम्हाला प्रश्न नीट विचारता येतील.

खुबा हा उखळीचा सांधा. मांडीच्या हाडाचा गोळा वाटीत फिरतो. ही वाटी तीन हाडं मिळून बनते. तुमच्याकडची जुनी माळवदाची घरं डोळ्यापुढं आणा. पुढं एक खांब, मागं एक खांब, आतल्या बाजूला पातळ भिंत, आणि वर छत. माणूस उभा राहिला की अंगाचं ओझं त्या छतावरून गोळ्यावर येतं. पोरंसोरं मोटारसायकलवरून पडतात तेव्हा बहुतेक मागची बाजू फुटते. म्हातारं माणूस कुशीवर पडलं की मार मांडीच्या बाहेरच्या उंचवट्यावर बसतो आणि गोळा घणासारखा आत जातो. मग पुढचा खांब आणि आतली भिंत जाते. तुमच्या रिपोर्टात तेच लिहिलंय. फ्रान्सच्या ज्युडे आणि लेतूर्नेल या सर्जननी १९६४ मध्ये या फ्रॅक्चरचे दहा प्रकार पाडले, आजही आम्ही तेच वापरतो. पण त्यांचे बरेचसे रुग्ण तरुण होते. ठिसूळ हाडाचं गणित वेगळं.

पहिल्या फोटोत दिसलं नाही यात नवल नाही. वाटीवर बाकीच्या हाडांच्या सावल्या पडतात. रुग्णाला ४५ अंश कलतं करून दोन जादा फोटो काढावे लागतात, नाहीतर सरळ सीटी. पडल्यानंतर जांघेत दुखतंय आणि पायावर भार देता येत नाही, तर फोटो चांगला आला तरी समाधान मानू नये.

घाईचं म्हणाल तर मांडीच्या हाडाची मान मोडली असती तर मी म्हटलं असतं दोन दिवसांत ऑपरेशन करा. वाटीचं तसं नाही. गोळा वाटीतून निखळला असेल किंवा पायाची नस दबली असेल तर गोष्ट निराळी, तेव्हा रात्र बघायची नाही. एरवी रुग्णाला तयार करून पहिल्या पाच ते दहा दिवसांत करतात. तीन आठवडे उलटले की तुकडे एकमेकांना धरू लागतात, मग जुळवणं फार अवघड. तुम्ही आठव्या दिवशी आहात. विचार करायला वेळ आहे, रेंगाळायला नाही.

डॉक्टरांना हे विचारा. गोळा छताच्या बरोबर खाली आहे का, की आत सरकून छत सोडलंय? छताचा तुकडा दबून आत गेलाय का? (फोटोत तो उडत्या पक्ष्याच्या पंखांसारखा दिसतो, त्याला आम्ही गल साइन म्हणतो. तो असला तर नुसत्या प्लेटांवर वाटी टिकायची शक्यता कमी, सोलापूरचे डॉक्टर कदाचित त्यामुळंच खुबा बदला म्हणत असतील.) खुब्याची झीज आधीपासून होती का? आणि समोरच्या सर्जनला संकोच न करता विचारा की साहेब, तुम्ही वर्षात अशा किती वाट्या करता? ही शस्त्रक्रिया ओटीपोटाच्या आतून, मोठ्या रक्तवाहिन्यांच्या शेजारून करतात. गुडघे बदलणारा प्रत्येक जण ती करत नाही. त्यात कमीपणा काही नाही.

एका मताशी मात्र मी उघड असहमत आहे. ऑपरेशन न करणं हा मार्ग असू शकतो. दीड महिना पायाला वजन बांधून झोपवणं हा ७६ व्या वर्षी मार्ग नाही. पायात रक्ताची गुठळी होऊन ती फुप्फुसात जाते, छातीत कफ भरतो, पाठीला जखमा होतात, लघवीत जंतू होतात. माणूस वाटीनं जात नाही, झोपून राहण्यानं जातो. गुठळी होऊ नये म्हणून पोटावर इंजेक्शन सुरू आहे का, हे आज संध्याकाळपर्यंत विचाराच.

आणखी एक. आईंचं मनगट मागे कधी मोडलं होतं का?

———

परळीचे_गुरुजी
(सकाळी १०:२०)

एवढा घोळ कशाला? आमच्या शेजारच्या गावात हाड बसवणारा आहे. तीन पिढ्यांचा हात. झटका देऊन बसवतो, वरून अंड्याचा नि हळदीचा लेप, बांबूच्या कामट्या. माझा खांदा त्यानंच बसवला. पैसेही मागत नाही, नारळ ठेवायचा.

———

अस्थी_संभाजीनगर
(सकाळी १०:४५)

गुरुजी, खांदा निखळला होता, तो बसला. इथं वाटीचे तुकडे झालेत. झटका दिला तर गोळा आणखी आत जाईल किंवा मागची मोठी नस दुखावेल आणि पाऊल कायमचं लुळं पडेल. कामट्या कुठं बांधणार, ओटीपोटाला? कृपा करून कुणी चोळायचं नाही, ओढायचं नाही.

———

परळीचे_गुरुजी
(सकाळी ११:०५)

बरं बाबा. मी आपलं सांगितलं.

———

फिजिओ_परभणी
(दुपारी २:३०)

डॉक्टरांनी हाडाचं सांगितलं, मी बाकीच्या शरीराचं सांगते. ऑपरेशन होवो न होवो, हे आजपासून सुरू होऊ शकतं, फक्त तुमच्या डॉक्टरांना एकदा विचारून घ्या.

जागेपणी तासातासाला दोन्ही पावलं वर-खाली हलवायची, पंधरा-वीस वेळा. शिवणयंत्राच्या पायपट्टीसारखी. गुडघ्याखाली गुंडाळलेला टॉवेल ठेवून तो खाली दाबायचा, पाच आकडे मोजायचे, सोडायचा. खोल श्वास. हाताच्या दंडांना व्यायाम, कारण पुढं वॉकरवर सगळा भार हातांवर येणार आहे आणि तो कुणी आधी तयार करत नाही. उजव्या पायाला विसरू नका, तोच आता मालक आहे.

उभं करताना 'पाय टेकवा पण भार देऊ नका' म्हटलेलं आजींना कळत नाही. मी सांगते, डाव्या पायाखाली वाळलेली कुरडई ठेवलीय, ती मोडली नाही पाहिजे. लगेच कळतं. काही आज्या तर खरंच खाली वाकून बघतात. वय झालेल्या काही रुग्णांना हे असं अधांतरी पाऊल जमतच नाही, ताकद किंवा तोल नसतो. मग डॉक्टर झेपेल तेवढा भार देऊ देतात. म्हणून जमलं नाही म्हणून रागावू नका.

लुगड्याचा काष्टा सध्या नको, त्यात पाय अडकतो आणि कमोडवर वेळ जातो. मॅक्सी घालायला तयार होत नसतील तर सुनेला सांगा आधी स्वतः एक आठवडा घालून दाखव. हसू नका, चालतं हे.

———

डबलबेल_निलंगा
(रात्री १०:१०)

सगळ्यांचे उपकार. डॉक्टरसाहेब, तुमची पोस्ट मी ड्युटीवर तीनदा वाचली, उदगीरच्या एका प्रवाशाला सुट्टे द्यायचे विसरलो.

माळवदाचं उदाहरण थेट आत गेलं. आमचं माळवद ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे भूकंपात पडलं. तेव्हा मायनं मला आणि धाकल्याला उचलून बाहेर फेकलं होतं. कुठला खांब गेला आणि कुठला राहिला, हे बघायला तिनं दुसऱ्या दिवशी मला हाताला धरून नेलं होतं. आज तिच्या खुब्याचा खांब मी बघायलोय.

आणि मनगटाचं तुम्हाला कसं कळलं? तीन वर्षांखाली उंबऱ्याला ठेच लागून हातावर पडली होती, उजवं मनगट. प्लॅस्टर घातलं, काढलं, संपलं. अलीकडं कमरेत वाकलीय पण, उंचीही कमी झाल्यासारखी वाटती. आम्ही म्हणायचो वय झालं.

उद्या लातूरला जाऊन तुमचे प्रश्न विचारतो. योजनेत बसंल का तेही बघायचंय, इन्शुरन्स काही नाही.

———

अंबाजोगाईची_लेक
(रात्री १०:३५)

दादा, ७० च्या वर वय आहे ना, मग आयुष्मान वय वंदना कार्ड काढा. आधारवर निघतं, उत्पन्नाची अट नाही, वर्षाला ५ लाखांपर्यंतचे उपचार. पण आधी त्या दवाखान्यातल्या आरोग्यमित्राला, म्हणजे योजनेचं काम बघणाऱ्या माणसाला भेटा आणि हेच उपचार, याच दवाखान्यात योजनेत आहेत का ते विचारा. नुसतं 'योजना आहे' या बोर्डावर जाऊ नका. आणि बरोबर आधार, रेशनकार्ड दोन्हीच्या झेरॉक्स दहा-दहा न्या. दहा म्हणजे दहा.

———

अस्थी_संभाजीनगर
(रात्री ११:२०)

वय झालं हे खरं, पण मनगट ही धोक्याची पहिली पाटी होती. उभ्या उभ्या पडून मनगट मोडलं की हाडं ठिसूळ झालीत असं समजायचं, तपासायचं आणि औषध सुरू करायचं. बहुतेकांचं राहून जातं. प्लॅस्टर कापलं की डॉक्टरही मोकळे आणि घरचेही. मग पुढची पाटी पाठीचा मणका किंवा खुबा.

कॅल्शियम, ड जीवनसत्त्व, किडनीची रक्ततपासणी करून घ्या. रानात उन्हात राबणाऱ्या बायकांतही ड जीवनसत्त्व कमी निघतं, मी रोज बघतो. वाटीचं मार्गी लागल्यावर ठिसूळपणाचं औषध: एक गोळी आठवड्यातून एकदा उपाशीपोटी, घेतल्यावर अर्धा तास आडवं व्हायचं नाही. किंवा वर्षातून एकदा सलाइनमधून झोलेड्रोनिक ॲसिड. आईंना अर्धा तास ताठ बसणं आत्ता जमणार नसेल तर दुसरं सोयीचं, पण ड जीवनसत्त्व आधी भरून काढून आणि किडनी बघूनच. दात हलत असतील तर तेही आधी दाखवा.

———

डबलबेल_निलंगा
(अकरा दिवसांनी, सायंकाळी ७:००)

उशीर झाला, माफी. धावपळीत होतो.

प्रश्न कागदावर लिहून नेले होते. प्लेटा टाका म्हणणाऱ्या डॉक्टरांनी कागद बघितला, हसले, आणि खुर्ची जवळ ओढून सीटी स्क्रीनवर फिरवून दाखवला. मला वाटलं होतं चिडतील. गोळा आत सरकलाय पण थोडा, छताखालीच आहे. छत दबलेलं नाही. पंखबिंख काही नाही. मागचा खांब धडका आहे. वर्षाला किती वाट्या करता विचारल्यावर खरं सांगितलं, हाताच्या बोटांवर. आणि स्वतःच म्हणाले, असं असंल तर आपण आधी ऑपरेशन न करता त्यांना खुर्चीत बसवून बघू. बसवल्यावर, उभं केल्यावर आठ दिवसांनी परत फोटो काढू. गोळा आणखी सरकला तर तीन आठवड्यांच्या आत मोठ्या ठिकाणी पाठवतो, चिठ्ठी मी देतो. नाही सरकला तर असंच चालू. पुढं खुबा दुखायला लागला तर मग बदलायचा विचार, तेव्हा वाटीचं हाड भरलेलं असंल, बसवायला सोपं.

मायला हे सगळं सांगितलं. तिनं एवढंच विचारलं, "म्हणजे आज कापायचं नाही ना?" नाही म्हणलं. "मग बसवा."

पहिल्या दिवशी खुर्चीत बसवताना तिनं माझा दंड असा धरला की अजून काळं आहे. दहा मिनिटं बसली. दुसऱ्या दिवशी अर्धा तास. पोटावरचं इंजेक्शन माझी घरची द्यायला शिकली, माझा हात थरथरतो. पडदा बांधला ताई, आणि त्याच रात्री काम झालं. घरात एवढा आनंद पोरगा बारावी झाला तेव्हा नव्हता. मॅक्सीचं जमलं नाही. सून घालून फिरली तर माय म्हणती "तुला शोभती, तूच घाल." शेवटी जुनं लुगडं अर्धं फाडून लुंगीसारखं गुंडाळतो.

कुरडईचं सांगितलं. तिनं विचारलं, गव्हाची का तांदळाची. गव्हाची म्हणलं. तेव्हापासून पाऊल ठेवताना स्वतःच पुटपुटती, "मोडंल, मोडंल."

काल परतचा फोटो काढला. गोळा तिथंच आहे. डॉक्टरांनी दोन्ही फोटो शेजारी लावून पट्टीनं मोजून दाखवलं. अजून पाच-सहा आठवडे भार द्यायचा नाही, मधे एक फोटो आणखी. रक्तात ड जीवनसत्त्व फार कमी निघालं, त्याची पुडी सुरू केली, दुधातून आठवड्याला एक. वर्षाच्या सलाइनचं दीड-दोन महिन्यांनी बघू म्हणाले. खालचे दोन दात हलतात, ते दंतवाल्याला दाखवायचंय.

आता एक विचारायचं राहिलं. आमच्या न्हाणीला उंबरा आहे, चार बोटं उंच, आणि फरशी गुळगुळीत शहाबादी. उंबरा फोडू का उतार करू? आणि भिंतीला धरायला दांडा लावायचा तर किती उंचीवर? ७५ च्या वर एसटी फुकट आहे म्हणून ती मला आत्तापासून विचारायलीय, तुळजापूरची गाडी किती वाजता. तिला एसटीच्या पायऱ्यांची उंची मी अजून सांगितली नाही.

———

फिजिओ_परभणी
(रात्री ८:२०)

उंबरा फोडा. उतारावर वॉकर घसरतो, ओल्या उतारावर तर नक्कीच. शहाबादी फरशीला छिन्नीनं टाचे मारून घ्या, गवंडी दोन तासांत करतो, रबरी चटईपेक्षा बरं. दांडा आजींना उभं करून मोजा: हात सैल सोडला की मनगट जिथं येतं तिथं. स्टीलचा दांडा उभा एक आणि आडवा एक, स्क्रू विटेत गेला पाहिजे, नुसत्या गिलाव्यात नाही. लावल्यावर आधी तुम्ही लोंबकळून बघा.